नाव वाचता येत नाही म्हणून फाइल नाही

चंद्रकलाबाई डोंगरवार रंगमंचावर खलनायिकेचं हसू हसल्या की मांडवातल्या ट्यूबलाइटी आधी डोळे मिचकावत आणि मगच नीट पेटत, असं वडश्याचे जुने लोक अजून सांगतात. आरमोरीच्या एका प्रयोगात त्या सुनेला "थांब" म्हणाल्या, तर मागच्या आळीत घरफोडी करणारा चोर हातातला हंडा खाली ठेवून उभा राहिला आणि अंक पडेपर्यंत जागचा हलला नाही. पोलिसांनी त्याला उभ्याच्या उभा उचलून नेलं. यातलं निम्मं कापून टाका, तरी उरतं ते पुष्कळ आहे. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं लागतात. त्या हंगामात ज्या पोस्टरवर बाईंचं नाव असे, त्या मांडवात माणूस माणसाच्या मांडीवर बसे.

मग गळ्याला कर्करोग झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं, जीव वाचवला, आणि गळ्याभोवती कंठपट्टी बांधून दिली.

या पट्टीचं शास्त्र सोपं आहे. स्वरयंत्र काढलं तरी बोलायची सवय काढता येत नाही. माणूस बोलायला जातो तेव्हा हनुवटीखालचे, जिभेच्या मुळाचे, ओठांचे स्नायू जसे हलायचे तसेच हलतात. फक्त आवाज उमटत नाही. कंठपट्टीतल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या चकत्या त्या स्नायूंतली वीज टिपतात, शब्द ओळखतात आणि तयार आवाजात बोलून दाखवतात. ज्याचं जुनं बोलणं भरपूर साठवलेलं असेल, त्याला त्याचाच आवाज परत शिवून मिळतो. नसेल, त्याला दुकानातला मिळतो. चंद्रकलाबाईंना दुकानातला मिळाला होता. त्याचं नाव होतं 'वाणी क्रमांक चार, सौम्य', आणि तो शब्दही सौम्य करूनच बोले.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्यांचा जावई प्रफुल्ल लांजेवार वडश्याला आला, तेव्हा बाई लाखांदूरच्या थोरल्या भावाला फोन लावत होत्या. ओठांवर स्पष्ट दिसत होतं, "का गा बुढ्या, जिता हायेस का?" पट्टीतून आलं, "नमस्कार दादा. आपली प्रकृती कशी आहे?"

"मला कर्ज नको बाई," पलीकडून म्हातारा म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्यांदा त्याने विमाही नको म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने जे सांगितलं ते छापता येणार नाही. बाईंनी फोन दिवाणावर आपटला, जावयाकडे वळल्या आणि दोन्ही हात हवेत फेकत काहीतरी भयंकर बोलल्या. पट्टी गोड आवाजात म्हणाली, "जावईबापूंनी कृपा करून हे यंत्र नदीत टाकावे."

प्रफुल्लला हसू आलं नाही. लग्नाच्या मांडवातच या बाईने माइक हातात घेऊन पाहुण्यांना सांगितलं होतं, "आमच्या नाटकात याले झाडाचं काम दिलं असतं, तरी यानं पानं गाळली असती." तेव्हापासून दर भेटीत त्याची अशी सालं निघत आली होती. तो चिडायचा, परतीच्या बसमध्ये बायकोशी, रंजूशी, भांडायचा. आणि आता ऑपरेशन झाल्यापासून सासू त्याला 'आपण' म्हणत होती. घरात शिरलं की दवाखान्यात शिरल्यासारखं वाटायचं. रंजूने तर आईला फोन करणंच कमी केलं होतं. "आईला लावला की बँकेत लागतो," ती म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची.

"आई, तुमचा आवाज आणतो मी," प्रफुल्ल म्हणाला. "मारोतीभाऊंनी सगळे प्रयोग टिपून ठेवलेत ना?"

मारोतीभाऊ हा बाईंच्या मंडळीचा, सारस नाट्य रंगभूमीचा आवाजवाला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. पण जाण्याआधी त्याने मंडळीच्या प्रत्येक प्रयोगाचं ध्वनिमुद्रण महाकोठारात चढवलं होतं. महाकोठार म्हणजे राज्यभरच्या लहानसहान लोकांच्या फाइली सांभाळणारी खासगी कंपनी. छापखाने, शाळा, पतसंस्था, भजनी मंडळं, सगळ्यांचा माल तिच्या सर्व्हरवर. आणि प्रफुल्ल त्याच कंपनीत, नागपूरच्या कचेरीत, सर्व्हरची दुरुस्ती करणारा वरिष्ठ अभियंता.

"दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. जावयाने सासरी बसून असं कधी म्हणू नये.

---

सोमवारी त्याने सारस मंडळीचं फोल्डर उघडलं. पडद्यावर एकच ओळ आली: फोल्डर रिकामं आहे.

त्याने जागेचा हिशेब उघडला. तिथे फोल्डर गच्च भरलेलं. रिकाम्या खोलीचं दार फुगून बाहेर यावं, तसा प्रकार. प्रफुल्लने चहा तसाच थंड होऊ दिला आणि सर्व्हरच्या पोटात उतरून फाइली जिथे प्रत्यक्ष असतात ती तबकडी नुसत्या आकड्यांत वाचायला घेतली. फाइली होत्या. शेकड्यांनी होत्या. सर्व्हर त्या दाखवत नव्हता, एवढंच.

कारण कळायला दुपार झाली. संगणकाला अक्षर माहीत नसतं, त्याला आकडे माहीत असतात. हल्ली जगातल्या सगळ्या लिप्यांनी मिळून एक मांडणी ठरवली आहे. कोणत्या अक्षराला कोणते आकडे, कोणत्या आकड्यामागे कोणता चालतो, सगळं ठरलेलं. पण त्याआधी आपल्याकडे प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी निराळी. इंग्रजी आणि फिरंगी अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. तो फॉन्ट असला तर मराठी दिसे, काढला की नुसता उकिरडा. राज्यातले निम्मे छापखाने या फॉन्टांवर जगले.

मारोतीभाऊ आवाजही टिपायचा आणि मंडळीची पोस्टरंही तोच करायचा, एकाच जुनाट संगणकावर. त्याने त्या संगणकाची झाडून सगळी अक्षरं पोस्टरच्या फॉन्टमध्ये करून टाकली होती. त्यामुळे त्याच्या घड्याळातले वारसुद्धा कोणाला वाचता येत नसत आणि दुसरं कोणी त्या यंत्राला हात लावू धजत नसे. प्रयोग झाला की तो पोस्टरवरची ओळ उचलायचा आणि फाइलला नाव म्हणून चिकटवायचा. 'सासरचा वणवा, तीन अंकी संगीतमय कौटुंबिक' एवढं लांब नाव, गावासकट. झाडीपट्टीत पोस्टर हीच नाटकाची जन्मपत्रिका, मग फाइलला वेगळं नाव हवं कशाला?

जुना सर्व्हर नावं वाचत नसे. आकडे आले तसे ठेवून घ्यायचा, मागितले तसे द्यायचा. नवा आला तो शिकलेला. तो फोल्डरची यादी करताना प्रत्येक नाव तपासून बघायचा. नव्या मांडणीत न बसणारे आकडे दिसले की नाव अवैध. ते गाळून पुढच्याकडे. ना चूक कळवायची, ना खूण ठेवायची. आणि फाइल उघडायची तर तिचं नाव सांगावं लागतं. ते नाव सांगितलं की सर्व्हर म्हणणार, असलं नाव असूच शकत नाही.

प्रफुल्लने कंपनीच्याच तक्रारखिडकीत तक्रार नोंदवायला घेतली. पहिलाच रकाना: हरवलेल्या फाइलचं नाव, अनिवार्य. त्याने तबकडीवरून आकडे उचलून तिथे टाकले. रकाना लाल झाला. 'कृपया वैध नाव लिहा.'

तो उठला तो थेट सबनीस साहेबांच्या केबिनमध्ये गेला. सबनीस साठवण विभागाचे प्रमुख. दाढी कोरलेली, टेबलावर कागदाचा कपटा नाही.

"लांजेवार, मला याची कल्पना आहे," सबनीस म्हणाले. "निनावी कचरा. एकूण साठ्याच्या नऊ टक्के. म्हणून तर येत्या सोमवारी झाडू फिरवतोय."

"कसला झाडू?"

"ज्या फाइली कुठल्याच यादीत नाहीत, त्यांची जागा मोकळी करायची. तुम्हाला मेल आलाय. वाचत नाही तुम्ही लोक."

"साहेब, त्या यादीत नाहीत कारण आपणच त्या यादीतून गाळतो."

"नाव अवैध आहे."

"नाव अवैध असेल. आत माझ्या सासूबाईंचा आवाज आहे."

"ज्याला नाव नाही त्याला फाइल म्हणत नाहीत. व्याख्याच आहे तशी."

"नाव आहे. आपल्याला वाचता येत नाही."

सबनीस मागे रेलले. "हे बघा, वेडेवाकडे आकडे आत सोडले तर त्यांतून कोणी काय घुसवेल सांगता येतं? सुरक्षेचा प्रश्न आहे हा. आणि एकाही ग्राहकाची याबद्दल तक्रार नाही."

"तक्रारीच्या रकान्यात नाव लिहावं लागतं, आणि नाव लिहिलं की रकाना लाल होतो. तक्रार येणार कुठून?"

"म्हणजे तक्रार नाही," सबनीस शांतपणे म्हणाले. "तेच सांगतोय मी."

प्रफुल्ल बाहेर आला. ज्या दुकानात ठेवायला दिलेल्या पेटीवरचं अक्षर नोकराला लागत नाही म्हणून पेटीच फोडून सरपण करतात, अशा दुकानात आपण इतकी वर्षं इमानाने हजेरी लावतोय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

---

कोठाराची एक छोटी प्रत चाचणीसाठी बाजूला असते. तिच्यावर त्याने दुरुस्ती सुरू केली.

पहिला उपाय सगळेच करतात तो. जो आकडा कळत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन दाखवायचा. यादी भरली. प्रफुल्लने टेबलावर थाप मारली आणि पहिली फाइल उघडायला गेला. 'अशी फाइल नाही.' बरोबरच होतं: त्याने सर्व्हरला चौकोनांचं नाव सांगितलं, आणि चौकोनांच्या नावाची फाइल तबकडीवर कुठे होती? मूळ आकडे तर चौकोनाने गिळून टाकले होते. वर आणखी एक घोटाळा. नावात चौकोन सारखे आले की दोन वेगळे प्रयोग एकाच नावाचे होऊन बसत, आणि यादी त्यातला एकच ठेवी. सासरच्या वणव्याचे किती प्रयोग एकमेकांच्या पोटात गेले, त्याची मोजदाद करवेना.

दोन दिवस तो तिथेच अडकला. आणि मग त्याला जाणवलं की चूक नाव वाचायच्या हौसेत आहे. हमाल पोत्यावरचा शिक्का वाचत बसत नाही. पोतं जसं आलं तसं खांद्यावर घेतो, सांगितलेल्या जागी उतरवतो. सर्व्हरने तेवढंच करायचं. मांडणीत काही आकडे असे आहेत की ज्यांना कोणतंही अक्षर दिलेलं नाही आणि पुढे देणारही नाहीत. न कळलेला प्रत्येक आकडा त्यांतल्या एकेकाच्या पुडीत बांधायचा आणि यादीत पाठवायचा. ग्राहकाने ते नाव परत पाठवलं की पुडी सोडायची, आतला मूळ आकडा काढायचा आणि तबकडीवर तोच शोधायचा. पुडीत दुसरं काही कोंबून पाठवलं तर घ्यायचं नाही. सबनीस साहेबांच्या सुरक्षेची तेवढी काळजी त्याने मुकाट्याने घेतली.

गुरुवारी सकाळी चाचणीच्या सर्व्हरवर यादी आली. नावं विचित्र दिसत होती, पण प्रत्येक वेगळी होती. त्याने मधलीच एक उघडली. आधी मांडवातला गलका आला, हार्मोनियमची एक चुकार पट्टी आली, आणि मग चंद्रकलाबाई हसल्या. कचेरीतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीच्या हातातून पेन पडलं.

सबनीस स्वतःच बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. मग प्रफुल्लला आत नेऊन दार लावलं.

"हुशार काम आहे," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाईंच्या फाइली उद्या संध्याकाळपर्यंत काढून घ्या. घरचं काम, माझी परवानगी. नंतर हा बदल पुसून टाका."

"आणि बाकीच्यांचं?"

"सोमवारी झाडू."

"साहेब, हा बदल मुख्य सर्व्हरवर चढवायला फार तर तासभर लागेल."

"आणि मग नऊ टक्के जागा कायमची अडकेल. कोठार-कायदा तुम्हाला मला शिकवायची गरज नाही. फाइल मालकाला चालू यादीत एकदा दिसली की त्याला विचारल्याशिवाय ती काढता येत नाही. न दिसलेली काढता येते. म्हणून ती न दिसलेलीच बरी." सबनीसांनी चष्मा पुसला. "तुम्हाला तुमचं मिळालं ना? मग झालं."

---

शुक्रवारी सकाळच्या गाडीने प्रफुल्ल वडश्याला गेला. खरं तर जायची गरज नव्हती. पण बातमी चांगली होती आणि त्याला ती समोर बसून द्यायची होती. आणि दुसरं असं, की चांगली असूनही ती त्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

बाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या. सगळं ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत.

"आपण फार कष्ट घेतले," पट्टी म्हणाली. "परंतु शेजारच्या फोल्डरमध्ये कोण आहे?"

"शेजारच्या?"

"सारसच्या शेजारी."

प्रफुल्लने आठवून सांगितलं. "गरुड मंडळी. त्यांची पोस्टरंही मारोतीभाऊच करायचे आणि प्रयोगही तेच चढवायचे ना. त्यांच्याही नावांची तीच गत."

बाईंचे हात थांबले. गरुड मंडळीची हेमलता निमगडे. तीस वर्षं या दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. एका गावात दोघींचे मांडव समोरासमोर लागले, तेव्हा दोघींच्या आरोळ्या मधल्या रस्त्यावर आदळून तिथला पिंपळ दोन्ही बाजूंनी बोडका झाला, अशी त्या गावाची साक्ष आहे. हेमलता करोनानंतरच्या कुठल्याशा तापात गेली. तेव्हा चंद्रकलाबाई मर्तिकाला गेल्या नव्हत्या.

"तिचा जावई कोठारात नोकरीला नाही," पट्टी सौम्यपणे म्हणाली.

"आई, मी काय करू? माझ्या हातात तुमचंच आहे. तुमचं घेऊन येतो, तुम्ही पट्टीत घाला, बोला. बाकी जगाचा मक्ता आपण घेतलाय का?"

"हेमलताताईंचा आवाज नष्ट झाल्यास माझ्या आवाजाने भांडण कोणाशी करावे?"

"त्या गेल्या, आई."

बाईंनी सूप खाली ठेवलं. मानेमागे हात नेऊन कंठपट्टीचं बक्कल सोडलं आणि ती डाळीत ठेवली. मग बोलल्या. आवाज नव्हता, गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा फुसफुसत होती, पण इतकी वर्षं ऐकलेलं तोंड होतं. प्रफुल्लला शब्द न् शब्द कळला. एकटी माही फाइल आणशील तर दारात उभं करनार नाई. चोरून आणलेला आवाज मी घालत नाई. त्यांनी आमचं नाव वाचलं नाई, तर नाव आमचं खोटं? कोन ठरवलं? आन तू तिथं बसून काय करतेस, खुर्ची ऊबवतेस?

बराच वेळ चाललं ते. प्रफुल्ल मान खाली घालून ऐकत राहिला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कोणी त्याला माणसासारखं बोलत होतं.

"पण मग सोमवारी तुमचंही जाईल," तो शेवटी म्हणाला. "कायमचं."

बाईंनी सूप उचललं आणि डाळ पाखडली. कंठपट्टी सालपटांबरोबर एकदा वर उडाली आणि परत सुपात पडली. त्यांनी ती घातली नाही.

---

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असते. प्रफुल्ल जेवणाच्या सुट्टीत आपल्या जागेवर बसला, चारचौघांसमोर, भर उजेडात. मुख्य सर्व्हरवर बदल चढवायला दोघांच्या सह्या लागतात. पण एक रस्ता एका सहीचाही ठेवलेला असतो. ग्राहकाचा माल नष्ट होणार असेल तर कामावरच्या वरिष्ठ अभियंत्याने तातडीची दुरुस्ती करावी, कारण लिहावं, नाव घालावं. तो रस्ता याच दिवसासाठी केला होता की नाही, हे करणाऱ्यालाच माहीत. प्रफुल्लने कारणाच्या जागी लिहिलं: 'ग्राहकांच्या फाइली सोमवारी नष्ट होणार आहेत. कोण करणार, ते कंपनीला ठाऊक आहे.' खाली पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. घरी रंजूला फोन करून सांगितलं, "माझी नोकरी जाईल बहुतेक."

"आईने सांगितलं?" रंजूने विचारलं.

"हो. पट्टी काढून."

"मग कर," रंजू म्हणाली आणि नळ बंद केल्याचा आवाज आला.

त्याने बटण दाबलं.

पुढचा तासभर जे झालं त्याची वर्णनं पुढे अनेकांनी अनेक तऱ्हांनी केली. परभणीकडच्या एका छापखान्याच्या रिकाम्या फोल्डरात तीस वर्षांच्या लग्नपत्रिका उगवल्या; त्यातली तीन जोडपी तोवर काडीमोड घेऊन मोकळी झाली होती, त्यांना पत्रिका पाहून पुन्हा संताप आला. एका भजनी मंडळाच्या टाळांचा कल्लोळ मोबाइलमधून असा फुटला की समोरच्या देवळातला पुजारी आरती सुरू झाली समजून घंटा बडवू लागला. एका संस्थेला आपल्या विहिरींचे नकाशे सापडले. ते मिळेनात म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा विहिरी मोजल्या होत्या. कोठाराच्या तक्रारखिडकीत पहिल्यांदाच माणसांची गर्दी झाली, आणि सगळे एकच विचारत होते: ही आमची फाइल तुमच्याकडे होती, तर इतकी वर्षं नाही असं का सांगत होतात?

आणि एकदा यादीत दिसलेली फाइल विचारल्याशिवाय झाडता येत नव्हती. सोमवारचा झाडू जागच्या जागी उभा राहिला.

सबनीस घरून आले ते चपलांवरच. "तुम्ही घरच्या कामासाठी कंपनीचा सर्व्हर वापरलात," ते म्हणाले.

"घरच्या कामाची परवानगी तुम्ही दिली होती, साहेब. मी ती घेतली नाही."

"उद्यापासून येऊ नका."

"उद्या रविवार आहे," प्रफुल्ल म्हणाला आणि डबा उचलला.

पंधरवड्याने कंपनीने मोठी जाहिरात दिली. 'तुमच्या हरवलेल्या आठवणी महाकोठारने शोधून काढल्या.' खाली सबनीस साहेबांचा फोटो, हसरा. रंजूने तो वर्तमानपत्राचा कागद भेंड्या चिरायला घेतला आणि नेमकं त्याच जागी सुरी चालवली. प्रफुल्लला नवी नोकरी मिळायला उन्हाळा उजाडला, जिथे जाई तिथे आधी विचारत, "ते तातडीच्या बटणवाले तुम्हीच का?"

---

आवाज शिवायचं काम डॉ. शबाना काझींनी केलं. पौषातल्या एका सकाळी त्यांच्या दवाखान्यात कंठपट्टी पुन्हा बाईंच्या गळ्यात बांधली. प्रफुल्ल आणि रंजू भिंतीशी उभे होते.

"बोला, मावशी. काहीही," डॉक्टर म्हणाल्या.

"काय बोलू?" चंद्रकलाबाई म्हणाल्या, आणि खिडकीची तावदानं झणझणली. रंजूने तोंडावर पदर धरला. भरदार, तापलेला, तिसऱ्या अंकातला आवाज होता तो. 'काय'चं 'काय'च राहिलं होतं. मध्ये कोणी सौम्यपणा घातला नव्हता. बाहेरच्या बाकांवरचे रुग्ण उठून उभे राहिले.

सगळ्यांना वाटलं, आता बाई रडतील. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हा आवाज कवाचा हाये?"

"तुमच्या चाळिशीतला," डॉक्टर खुशीत म्हणाल्या. "सर्वांत उत्तम."

"माह्या शेवटच्या दोन हंगामातलं कुठं गेलं?"

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. "ते यंत्राने घेतलं नाही, मावशी. खरखर फार होती. आजार सुरू झाला होता ना. निकृष्ट म्हणून आपोआप गाळलं जातं."

प्रफुल्लने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं.

"कोन ठरवलं निकृष्ट?" बाईंनी विचारलं. चोराने हंडा खाली ठेवला तो याच सुराला असावा. "त्या दोन हंगामात मी काय गिरणीत दळन दळत होतो? तेच प्रयोग केलो. लोकं तसेच बसून होते. घाला ते."

"आवाज खराब होईल."

"चौसष्टीच्या बाईचा होईल. चाळिशीची बाई माह्या तोंडातून कायले बोलते? तिचं वेगळं होतं, माहं वेगळं हाये."

डॉक्टर काझींनी मान हलवली. गाळलेल्या फाइली परत निवडल्या, यंत्राला बजावलं, आणि सगळे चहा पिऊन येईपर्यंत यंत्र शिवत बसलं.

दुसऱ्यांदा बाई बोलल्या तेव्हा तावदानं हलली नाहीत. आवाज खाली उतरला होता, कडेला चिरफळ्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो जरा जमिनीला टेकत होता. रंजू मात्र पुढे आली आणि आईच्या मांडीपाशी बसली. पहिल्या आवाजाला ती भिंतीशीच उभी राहिली होती.

"रंजे, तू वाळली व," बाई म्हणाल्या. "हा जावई घरी बसून हाये, तर सयपाक तरी..." आणि मधेच, वाक्याच्या पोटात, पट्टी खोकली. कोरडा, दोनदा ठेच लागलेला खोकला. बाईंच्या गळ्यात खोकायला काही उरलं नव्हतं. शेवटच्या हंगामात रंगमंचावर जो येत असे आणि लोकांना अभिनय वाटत असे, तोच तो, आवाजाबरोबर उतरून आला होता.

"अरे, हा राहिलाच," डॉक्टर म्हणाल्या आणि तो पुसायला पडद्याकडे हात नेला.

चंद्रकलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, डॉक्टरीनबाई," त्या म्हणाल्या. "तो खोकला माहा हाये."